तेल खुणेपर्यंतच

नागपुरातल्या महाल भागात आमचं घर, तिथे फोन नाही. समोरच्या कापड दुकानात आहे, आणि आमच्यासाठी आलेला निरोप तिथला माणूस रस्ता ओलांडून सांगायला येतो. त्या दुपारी तो आला तेव्हा मी लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवत होते. "ताई, कोराडी रोडहून फोन आहे. लवकर या म्हणतात." त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं होतं, तरी मी पदराला हात पुसले, पायात चपला घातल्या आणि नीट चालत गेले. पलीकडे दादाच्या शेजारचे गृहस्थ होते. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "ताई, दादा गेले. तुम्ही निघून या." आणि माझ्या तोंडून निघालं, "मशीनवर होता का?"

ते गोंधळले असावेत. म्हणाले, "नाही हो. जेवण करून खुर्चीत बसून राहिले होते. वहिनी पाणी द्यायले गेल्या, तर…" मला हायसं वाटलं. सख्खा भाऊ गेल्याची बातमी कानात असताना मला आधी हायसं वाटलं, खरं तेच लिहिते आहे. मशीनवर नव्हता. त्याला काही फाडून गेलं नाही, पेटलं नाही, उडालं नाही. खुर्चीत गेला. मग दुकानाच्या पायरीवर बसले आणि पुढचं मला आठवत नाही.

माझ्या दादाइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. हे मी कौतुकानं लिहिते आहे, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. स्टोव्ह पेटवायचा तर तो आम्हाला स्वयंपाकघराबाहेर काढायचा. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचा नाही, कारण पायाखाली इंजिन. गिरणीत दळण टाकायला जायचा तेव्हा डबा दाराशी ठेवून रस्त्यावर उभा राहायचा आणि पट्टा थांबला की मगच आत जायचा. तो नोकरीला होता त्या वसाहतीतले लोक हसायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं त्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. लोकांना त्याचं फुंकणं दिसायचं, पोळणं कुणी पाहिलेलं नव्हतं.

आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. मोसंबीची बाग, थोडा कापूस, एक विहीर आणि विहिरीवर ऑइल इंजिन. आई माझ्या लहानपणीच गेलेली, घरात बाबा, दादा आणि मी. बाबांचा हात मोठा सैल. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना तो नको म्हणेपर्यंत वाढत नाहीत, तो नको म्हटल्यावर आणखी एक वाढतात. बाबांनी इंजिनालाही तोच न्याय लावला. तेल कमी झालं की इंजिन जळतं, हे त्यांना कुणीतरी पटवून दिलेलं होतं. मग जास्त झालं तर काय बिघडतं? ते तोंडापर्यंत भरायचे, वरून आणखी थोडं, आणि म्हणायचे, "खाऊ दे गा त्याले. उन्हात राबते."

उन्हाळ्यातली सकाळ होती. मी घरी अंगणात होते. इंजिनाचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, दुक दुक दुक, आणि तो इतका सवयीचा होता की थांबला तरच कळायचा. त्या दिवशी तो थांबला नाही, वाढला. दुक दुक एकमेकांत मिसळून गेलं, त्याची शिट्टी झाली, शिट्टीची किंकाळी झाली. पुढे कितीतरी वर्षांनी दादानं मला समजावून सांगितलं की डिझेलचं इंजिन पोटात तेल जास्त झालं तर कधी कधी तेच तेल ओढून जाळू लागतं, आणि मग डिझेलची तोटी बंद केली तरी ते थांबत नाही, वेग घेत जातं. इंजिन पळालं, असं म्हणतात त्याला. बाबा तोटी बंद करायला गेले. तोटी बंद केली. इंजिन पळतच होतं. दादा न्याहारी घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पोचला होता. त्याला पांढऱ्या धुरात बाबांची पाठ दिसली आणि बाबांचा आवाज ऐकू आला, "पळ गा! पळ!" दादा पळाला. बाप पळ म्हणाला म्हणून मुलगा पळाला, त्यात कुणाचं काय चुकलं? पण मागे पट्टा तुटल्याचा आवाज आला आणि तो वळला तेव्हा धुरात पाठ दिसत नव्हती.

बाबांच्या मागे बाग काकांनी सांभाळली. इंजिन दुरुस्त होऊन पुन्हा त्याच विहिरीवर बसलं, कारण मोसंबीला पाणी लागतंच. दादा मात्र माझा हात धरून नागपूरला निघून आला. शेतकीचा अभ्यास केला आणि पुढे कोराडी रोडवरच्या एका वसाहतीत बागेचा पर्यवेक्षक म्हणून लागला. फुलझाडं, मेंदीचं कुंपण, क्लबासमोरची मोठी हिरवळ. इंजिन कुठेही नाही. हिरवळ कापायचं यंत्र बैल ओढायचा, आणि गवतावर खूर उमटू नयेत म्हणून त्या बैलाला चामड्याचे बूट घालायचे. बैल हाकायचा आत्माराम, आमच्यापेक्षा वयानं बराच मोठा. बूट घातलेला तो बैल हिरवळीवर असा चालायचा की जणू तोच मोठा साहेब आहे. ती वर्षं दादाची सुखाची. मला कॉलेजात घातलं, खोलीत झोपताना दारं दोनदा तपासायचा, पण झोपायचा.

मग सत्तरच्या दशकाच्या मध्यात गवत कापायची मशीन आली. पेट्रोलवर चालणारी, हिरव्या रंगाची, पुढे गवताची पेटी, दोरी ओढून चालू करायची. बैल विकला गेला. वसाहतीच्या मोठ्या साहेबांनी दादाला बोलावून सांगितलं की ही वस्तू महागाची आहे, माळ्यांच्या हाती द्यायची नाही, पर्यवेक्षकानंच चालवायची, आणि जमत नसेल तर तसं सांगावं, दुसरा माणूस पाहू. दादा घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. दुसरा माणूस म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे राहतं घर गेलं, माझं कॉलेज गेलं, आणि जायचं कुठे? काकांचा निरोप तर दर सणाला यायचा की बाग तुझीच आहे, ये आणि विहिरीवरचं सगळं पाहा. विहिरीवरचं, म्हणजे तेच इंजिन. एका इंजिनापासून वाचायचं तर दुसऱ्याची दोरी ओढणं भाग होतं.

तो भीतीला तेलानं बांधू पाहायचा. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं. मशीनबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका त्यानं डिक्शनरी घेऊन वाचली. शहरातून तेल आणताना डब्यावरचा नंबर तो दुकानाच्या आत वाचायचा आणि बाहेर उन्हात येऊन पुन्हा वाचायचा. एरवी तीस नंबरचं, आणि आपल्याकडचा मे महिना सुरू झाला की चाळीसचं, कारण त्या उन्हात पातळ तेल पाण्यासारखं होतं आणि आतल्या लोखंडावर टिकत नाही. वसाहतीत स्कूटर असलेला प्रत्येक माणूस सल्लागार झाला होता. "अहो, पेट्रोलमध्येच तेल टाका ना, पंपावर आम्ही टाकतो तसं!" दादा घाबरून हात जोडायचा. स्कूटरचं इंजिन वेगळं, तिला पेट्रोलातूनच तेल मिळतं. हिचं तेल वेगळं खाली साठतं, आणि ते पेट्रोलात टाकून खालची जागा कोरडी ठेवली तर मशीन जागच्या जागी आवळून बसेल. त्यात आमच्याकडची राख, कोराडीच्या वीज केंद्रातून उडून येणारी. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, मोगऱ्यावर बसायची, मशीनच्या श्वासातून आत जायची. मधासारखं ओतलेलं तेल थोड्याच दिवसांत काळं व्हायचं. दादा ते बोटांत घेऊन चोळायचा, कणकण लागली की काढून टाकायचा, आणि काढायचं तेही मशीन जरा गरम असताना, म्हणजे गाळ बरोबर वाहून येतो.

पण खरा सोहळा मापाचा. मशीन सपाट फरशीवर ठेवायची. तेल पाहायची बारीक दांडी बाहेर काढायची, धोतराच्या फडक्यानं कोरडी पुसायची, पुन्हा आत घालायची आणि मग काढून पाहायची. दांडीवर दोन खुणा होत्या. खालच्या खुणेच्या खाली गेलं तर मशीन मरते, हे सगळ्यांना समजायचं. वरच्या खुणेच्या वर गेलं तर काय, ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. दांडी धरलेला त्याचा हात इतका थरथरायचा की खूण वाचताच यायची नाही. मग तो मला हाक मारायचा, "पाह्य वं, वर तर नाही ना?" मी म्हणायचे, खुणेपर्यंतच आहे. मग तो दोरी ओढायचा, डोळे मिटून.

एकदा मी न राहवून विचारलं, "दादा, ही पेट्रोलची आहे ना? प्लगची टोपी काढली की ठिणगी बंद, मशीन बंद. तूच सांगतोस. मग काहून भितो?"

तो म्हणाला, "डोक्याले माहीत आहे वं. पोटाले माहीत नाही."

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याची गोष्ट सांगायला हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे लहान मुलं लाकडी बैल सजवून निघतात. वसाहतीतली मुलं संध्याकाळी क्लबाच्या हिरवळीवर जमायची होती. पावसानं गवत घोट्यापर्यंत वाढलेलं. सकाळी उघडीप मिळाली तसा दादा मशीन काढून बसला. तेल पाहिलं, मी पाहिलं, खुणेपर्यंतच होतं. तेवढ्यात मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं म्हणून तो मंडप कुठे घालायचा ते दाखवायला गेला, आणि मी झेंडूच्या उरलेल्या माळा आणायला घरी गेले.

मागे राहिला आत्माराम. आदल्या दिवशी पोळा होऊन गेला होता आणि त्याला ओवाळायला बैल नव्हता. मशीनच्या खोलीला दिवसभर कुलूप. आता मशीन समोर उभी. त्यानं तिला कुंकू लावलं, हळद लावली, माझ्याच माळांतली एक काढून घातली. आणि शेजारी ठेवलेल्या डब्यातलं तेल तिला पाजलं. काठोकाठ.

दादा परत आला. कुंकू पाहून त्याला हसू आलं, कधी नव्हे ते. त्यानं मशीनला नमस्कार केला आणि दोरी ओढली. दोरी जड गेली. पुन्हा ओढली. मी पुढे गवताची पेटी अडकवत होते. पोरं आतापासूनच बैल घेऊन कडेला घुटमळत होती. तिसऱ्यांदा ओढल्यावर मशीन खोकली, गुरगुरली आणि तिच्यातून धूर निघाला. पांढरा, दाट, जमिनीलगत पसरत जाणारा. आवाज मधेच चढायचा, मधेच उतरायचा, पुन्हा चढायचा. मी त्या चढणाऱ्या आवाजानं अंगणातली दहा वर्षांची मुलगी झाले. माझे पाय माझे राहिले नाहीत.

"पळा! पळा!" दादा ओरडला. पोरं पळाली, आत्माराम पळाला, दादाही पळाला. कडेच्या गुलमोहरापर्यंत पळाला. तिथे तो वळला आणि त्याला धुरात माझी पाठ दिसली.

तो धावत आला नाही. चालत आला. धुरातून येताना मला त्याचा चेहरा दिसला, आणि तसा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही, त्याच्या शेवटच्या दिवशीही नाही. तो मरायला येत होता. मशीन बंद पडेल असं त्याच्या मनात कुठेही नव्हतं, त्याच्यापुरती ती पळालेलीच होती. त्यानं मला दंडाला धरून मागे लोटलं, एवढ्या जोरात की मी पडले. मग वाकला आणि उघड्या हातानं प्लगची टोपी उपटली. रबर चिरलेलं होतं. त्याला सणसणीत झटका बसला, खांद्यापर्यंत हात उडाला… आणि मशीन थांबली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा तान्ह्या पोळ्याचाच काही कार्यक्रम आहे.

दादा गवतात बसला. आत्माराम डोक्यावरची टोपी हातात घेऊन आला. "साहेब, सणाले बैल उपाशी ठेवत नाही ना. म्हणून पोटभर देलं." मला वाटलं, दादा आता याच्या अंगावर जातो. दादानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला आत्माराम दिसत होता की आणखी कुणी, देव जाणे. मग म्हणाला, "हिले पोट नाही गा आत्माराम. हिले खूण आहे." आणि उठला. खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं तेल काढलं, प्लग काढून पुसला, दांडी पुसून पाहिली आणि मला दाखवली. पुन्हा दोरी ओढली. आत गेलेलं तेल जळून जाईपर्यंत धूर येणारच होता, त्याला ते ठाऊक होतं, आणि तो त्या धुरात तसाच उभा राहिला. मग त्यानं सबंध हिरवळ कापली. संध्याकाळी पोरं बैल घेऊन आली, साहेबांनी गवताचं कौतुक केलं, नोकरी राहिली. मला मात्र त्यानं घरी आल्यावर एकच विचारलं. "तू काहून नाही पळाली?"

मी म्हटलं, पायच हलले नाहीत. ते उत्तर त्याला पुरलं नाही. माझं लग्न झालं, मी महालात आले, काटोलकडच्या वहिनी त्याच्या घरी आल्या, मुलं झाली, मधूनच जेवताना हात थांबवून तो पुन्हा विचारायचा, "खरं सांग वं, काहून नाही पळाली?" बाकी सगळे हसायचे. मी हसले नाही कधी. त्याची भीती त्या दिवशी गेली असेल असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. धाडस एकदा केलं की भीती मरते, हे लोक का सांगतात मला कळत नाही. दादाची वाढली. आधी त्याला स्वतःच्या मरणाची भीती वाटायची, नंतर आमच्या. शेवटपर्यंत डोळे मिटून दोरी ओढायचा, आणि इतक्या वर्षांत मशीन एकदाही बिघडली नाही.

तेराव्यानंतर मी वहिनींजवळ राहिले. क्वार्टर सोडायला थोडे दिवस मिळाले होते. त्या सकाळी मुलं शाळेत गेली होती, वहिनी ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. क्लबाची हिरवळ अगदी समोर. दादाच्या जागी आलेल्या माणसानं मशीन बाहेर काढली. डब्यातलं तेल ओतलं, अंदाजानं. दांडी काढून पाहिली नाही. दोरी ओढली.

आवाज झाला तशा वहिनी उठल्या. एका हातात सूप, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला घरात नेलं. दार लोटलं आणि त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कुणीतरी यायचं आहे अशा.

"काय झालं वहिनी?"

"कडी," त्या म्हणाल्या. "बाहेरून कडी लावत ते. मशीन काढली की आधी आम्हाले आत घालत, कडी लावत, मग जात. लोक हसत होते, बायकोले कोंडून ठेवते म्हणून. मी विचारलं होतं एकदा. तर म्हणे, मी पळा म्हणीन, आणि तू माह्याकडेच पळत येशील."

वहिनी रडत नव्हत्या. दाराकडे पाहत होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं आणि फटीतून मशीनचा आवाज आत येत होता, चढत होता की मलाच तसं वाटत होतं, सांगता येत नाही. सुपातले तांदूळ हलत होते.

मी दार उघडून बाहेर आले. ते ओढून घेतलं आणि कडी घातली. मशीन हिरवळीच्या कडेनं आमच्याच दिशेला येत होती, मागे थोडा धूर होता. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

आतून वहिनींनी विचारलं, "ताई, तुम्ही बाहेर काहून राहिल्या?"

मी म्हटलं, "असू द्या वहिनी. कोणीतरी बाहेर पाहिजे."